मोनाशचं फॉडमॅप ॲप आणि आपल्या किराणातली पाकिटं

आयबीएसचा (वारंवार पोट दुखणं, फुगणं, जुलाब किंवा बद्धकोष्ठता होणारा आतड्याचा विकार) त्रास असलेल्यांनी हे ॲप घ्याच, फुकट नाहीये पण पैसा वसूल. मेलबर्नच्या मोनाश युनिव्हर्सिटीचं आहे, लो फॉडमॅप डाएट, म्हणजे कांदा, लसूण, गहू अशांतल्या नीट न पचणाऱ्या अन् पोटात गॅस करणाऱ्या साखरा (फॉडमॅप) कमी करायचं पथ्य, त्यांच्याच संशोधनातून आलंय. पदार्थ शोधला की हिरवा, पिवळा, लाल दिवा दिसतो आणि तोही मापानुसार, म्हणजे थोडं खाल्लं तर हिरवा अन् तेच जास्त घेतलं की लाल, हे लई भारी आहे कारण आपल्याकडं पथ्य म्हणलं की सरळ बंदच करायला लावतात. ज्वारी चालते, शेंगदाणे चालतात, म्हणजे भाकरी आणि बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी मराठवाड्यातल्या माणसाला सोडावी लागत नाही.

पण लातूर, नांदेडच्या दुकानातल्या लोकल पाकिटांचं लेबल आपणच वाचायचं. चिप्स, फरसाण, तयार काळा मसाला यात कांदा पावडर अन् लसूण पावडर बघा, बिस्किटात "फायबर" म्हणून इन्युलिन किंवा चिकोरी रूट असू शकतं, तेही फॉडमॅपच. शुगर फ्री चॉकलेटवर आयएनएस 420, 421, 965 (सॉर्बिटॉल, मॅनिटॉल, माल्टिटॉल, हे गोडवा आणणारे पदार्थही फॉडमॅपच) दिसलं की ठेवून द्या. हिंग चालतो, पण आपल्या डबीतल्या बांधानी हिंगात बऱ्याचदा मैदा असतो, तांदळाचं पीठ असलेली डबी शोधा, मिळते.

आणि कडक पथ्य 2 ते 6 आठवडेच, तेही आहारतज्ज्ञाला विचारून, मग एकेक पदार्थ परत सुरू करून बघायचा. त्याची डायरी ॲपमधेच आहे, रोज भरा.