शाळा बंद करण्याआधी कौन्सिल लोकांचं मत घेतं, त्या कन्सल्टेशनचा आमचा अनुभव (५ पैकी ३ स्टार)

आम्ही स्कॉटलंडच्या ईशान्येला एका छोट्या गावात राहतो. मुलगी प्रायमरी थ्रीला आहे. गेल्या वर्षी तिची शाळा बंद करायची, गावातली दुसरीही बंद करायची आणि दोन्हीकडच्या मुलांना गावाबाहेरच्या नवीन कॅम्पसमध्ये न्यायचं असा प्रस्ताव आला. कौन्सिलचं (म्हणजे इथली स्थानिक स्वराज्य संस्था, शाळा तीच चालवते) नाव लिहीत नाहीये, पण इथे येऊन राहिलेल्या मराठी आईबाबांवर ही वेळ कधीही येऊ शकते म्हणून सविस्तर लिहिते.

ज्या दिवशी पत्र आलं त्याच रात्री साताऱ्याला बाबांना फोन केला. ते जन्मभर झेडपीच्या शाळेत गुरुजी होते. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पट किती?" मी म्हटलं निम्म्याहून जास्त वर्ग रिकामे आहेत. ते म्हणाले, "मग अवघड आहे गं." २०२३ मध्ये आपल्याकडे २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करायचं निघालं होतं तेव्हा बाबा किती अस्वस्थ होते ते मी पाहिलंय, त्यामुळे त्यांचा आवाज ऐकूनच पोटात गोळा आला.

आधी चांगलं सांगते. इथे २०१० चा कायदा आहे, त्यामुळे आधी कन्सल्टेशन घेतल्याशिवाय शाळा बंद करताच येत नाही. ते कमीत कमी सहा आठवडे चालतं आणि त्यात शाळेचे ३० दिवस भरावेच लागतात, म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत गुपचूप उरकता येत नाही. मुलांच्या शिक्षणाचा यात काय फायदा ते लेखी द्यावं लागतं, पब्लिक मीटिंग घ्यावी लागते, शाळा तपासणाऱ्या इन्स्पेक्टरांचा स्वतंत्र रिपोर्ट येतो, आणि मुलांनाही विचारावं लागतं. खरंच विचारलं. आमच्या शाळेच्या अंगणात हॉर्स चेस्टनटचं मोठं झाड आहे, ऑक्टोबरमध्ये पोरं त्याच्या बिया वेचून खिसे भरतात, तर माझ्या लेकीने कागदावर लिहिलं, नव्या शाळेत ते झाड असेल का. शेवटच्या रिपोर्टमध्ये तिचा प्रश्न उत्तरासकट छापून आला, नवीन झाडं लावणार म्हणून. सात वर्षांच्या मुलीचा प्रश्न सरकारी कागदात, हे मला फार आवडलं.

मीटिंग डिनर हॉलमध्ये होती, पोरांच्या त्या बुटक्या खुर्च्यांवर सगळे गुडघे पोटाशी घेऊन बसलेले. ऑफिसरांनी स्लाइड्स दाखवल्या, पटाचा आलेख, छताच्या दुरुस्तीचा खर्च. एक आजी उठल्या, म्हणाल्या माझी आई या शाळेत शिकली, मी शिकले, नातू आत्ता शिकतोय, आणि पुढे त्यांना बोलवेना. समोरच्या ऑफिसर बाई मान खाली घालून लिहीत राहिल्या. त्या वाईट नव्हत्या, पण उत्तर ठरूनच आलं होतं असं त्या रात्री मला वाटलं आणि आजही वाटतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्रस्तावाचा कागद नीट वाचा, अगदी नकाशासकट. आमच्या कागदात नव्या शाळेचं अंतर २ मैलांच्या आत दाखवलं होतं, आणि इथला नियम असा की ८ वर्षांखालच्या मुलांना २ मैलांच्या पुढे आणि मोठ्यांना ३ मैलांच्या पुढे असेल तरच कौन्सिलला शाळेची बस फुकट द्यावी लागते. मला ते पटेना. डिसेंबरमध्ये शाळा सुटल्या सुटल्या लेकीला घेऊन त्या रस्त्याने चालत निघाले तर कळलं, त्यांनी नदीकाठची पायवाट धरली होती, तिथे एकही दिवा नाही, चारच्या आत मिट्ट काळोख, आणि चिखल घोट्यापर्यंत. पक्क्या रस्त्याने २ मैलांच्या वर जातं. आम्ही आठ-दहा जणींनी फोटो, वेळ, अंतर सगळं लिहून पाठवलं. कागदात चूक आहे असं कळवलं की कौन्सिलला त्यावर काय केलं ते सांगावं लागतं, हे कायद्यातच आहे. दुरुस्ती निघाली, लहान मुलांना बस मिळाली. शाळा वाचली नाही.

स्टार कापले ते इमारतीसाठी. जुनी दगडी इमारत आहे, दोन वेगळी दारं, एकावर "बॉईज" आणि दुसऱ्यावर "गर्ल्स" दगडात कोरलेलं, माझी लेक रोज त्या अक्षरांखालून आत जाते. बंद झाल्यावर या जागेचं काय, फ्लॅट होणार का, मैदान राहणार का, हे विचारलं तर प्रत्येक वेळी एकच उत्तर, तो या कन्सल्टेशनचा विषय नाही. विक्री वेगळं खातं बघतं, बांधकामाची परवानगी वेगळी, आणि तिथे शेजाऱ्यांना आक्षेप घ्यायला २१ दिवस. गावाच्या मधोमधची एवढी मोठी जागा आणि लोकांना मात्र ती तुकड्यातुकड्यात दाखवायची, हे बरोबर नाही. दोन्ही गोष्टी एकत्र समोर ठेवल्या असत्या तर कितीतरी लोक जास्त आले असते. ज्यांची मुलं शाळेत नाहीत त्यांना तर हे आपलं काम आहे असं वाटलंच नाही.

निर्णय झाल्यावरही सरकारकडे दाद मागता येते, पण त्याला तीनच आठवडे मिळतात आणि आमचे पहिले दोन आठवडे रडण्यात गेले. तुम्ही तसं करू नका, मसुदा आधीच तयार ठेवा. आणि तुमची शाळा सरकारच्या ग्रामीण शाळांच्या यादीत आहे का ते पहिल्याच दिवशी बघा, कारण त्या शाळांना जास्त संरक्षण आहे. आमची त्या यादीत नव्हती.

आता आम्ही गावातली मंडळी मिळून इमारत मागतोय. २०१५ च्या कायद्याने गावातल्या संस्थेला कौन्सिलची जागा मागता येते, आणि अर्ज पूर्ण धरला की सहा महिन्यांत उत्तर द्यावं लागतं. खाली पाळणाघर, वर हॉल, मैदान सगळ्यांना खुलं, असा प्लॅन आहे. अर्ज पुढच्या महिन्यात जातोय. उत्तर आलं की इथेच अपडेट टाकते.