‘पॉल’ लावू की ‘ई.टी.’?

धरमपेठेतल्या वहिनींचा काल फोन आला. “बाहेर ऊन मी म्हणून राहिलं, पोरं कूलरसमोरून हलत नाहीत. एलियनशी दोस्तीचा कोणता सिनेमा लावू?” धाकटी आठ वर्षांची, थोरला कॉलेजात. तिथेच खरी अडचण आहे.

लांबीचा प्रश्न नाही, ‘पॉल’ आणि ‘ई.टी.’ दोन्ही दोन तासांच्या आत संपतात. प्रश्न वयाचा. ‘पॉल’मध्ये (२०११) शिव्या आणि चावट विनोद भरपूर आहेत. धाकटीसमोर तो लावूच नका. ‘ई.टी.’ (१९८२) आजीसकट सगळ्यांनी बघावा.

हसण्यात मात्र ‘पॉल’ पुढे. दोन ब्रिटिश कॉमिकवेडे मित्र घरासारखी मोठी गाडी घेऊन अमेरिकेत उडत्या तबकड्यांच्या जागा बघत फिरतात आणि रस्त्यात त्यांना हा परग्रहवासी भेटतो. एका प्रसंगात तो मेलेला पक्षी हातात घेऊन जिवंत करतो आणि लगेच खाऊन टाकतो! मैत्री आणि प्रवासाची मजा यात खरी उतरली आहे.

डोळे भरून येतात ते ‘ई.टी.’त. कुंडीतलं सुकलेलं फूल पुन्हा मान वर करतं आणि परग्रहवासी ई.टी. जिवंत असल्याचं त्याच्या छोट्या दोस्ताला, एलियटला कळतं. तिथे मी दर वेळी रडतो. शिवाय संवाद कमी, त्यामुळे इंग्रजी कच्चं असलं तरी अडत नाही.

म्हणून वहिनी, दुपारी सगळ्यांसोबत ‘ई.टी.’ लावा. ‘पॉल’ थोरल्याने रात्री मित्रांबरोबर बघावा. पण आधी ‘ई.टी.’ बघून घेतला तर ‘पॉल’मधल्या बऱ्याच कोपरखळ्या कळतील. ‘ई.टी.’चा दिग्दर्शक स्पीलबर्ग, त्याचा आवाजही आहे ‘पॉल’मध्ये.