तीन पडद्यांच्या शोसाठी अकाई एपीसी४० मार्क टू: घ्यावा का?

घ्यावा. पण हाताखाली एकाहून जास्त पडदे असतील आणि रेझोल्यूम अरेना हे व्हिडिओ चालवायचं सॉफ्टवेअर नीट लावून घ्यायची तयारी असेल, तरच. एपीसी४० हा बटणांचा कन्सोल लॅपटॉपला जोडून ते सॉफ्टवेअर हातानं चालवायचं असतं. एका एलईडी वॉलवर प्री-वेडिंगचा व्हिडिओ आणि वधूवरांची नावं फिरवायची असतील तर लॅपटॉपचा कीबोर्ड भागवतो, त्यासाठी कन्सोलवर पैसे घालू नका.

हे मत कुठल्या कामातून आलंय तेही सांगते. मी नाशिकमध्ये व्हिजुअल्स चालवते. कालिदास कलामंदिरातले नृत्याचे कार्यक्रम, शाळांची स्नेहसंमेलनं, गंगापूर रोडच्या आणि औरंगाबाद रोडच्या लॉन्सवरचे संगीत समारंभ, नवरात्रातला गरबा. बहुतेक ठिकाणी मांडणी तीच असते, मधोमध मोठी भिंत आणि दोन्ही बाजूंना उभे पडदे. तिन्हींवर एकाच क्षणी वेगवेगळं दिसायला हवं, आणि ते बदलायचं स्टेजवरच्या माणसाच्या हालचालीवर. माउसनं हे होतं, पण मग तुमची नजर सगळा वेळ लॅपटॉपवर असते. नृत्यांगनेनं सम गाठली ती दिसतच नाही.

एपीसी४० मुळात एबलटन लाइव्ह वापरणाऱ्या संगीतवाल्यांसाठी बनवलेला. हा मार्क टू २०१४ मध्ये आला. आठ बाय पाच अशी चाळीस रंगीत बटणं, आठ फेडर (वरखाली सरकणाऱ्या दांड्या) आणि नववा मास्टर, एक क्रॉसफेडर (आडवा सरकणारा), आणि भोवती दिव्यांचं कडं असलेले नॉब (फिरवायच्या खुंट्या). यूएसबीवरच चालतो, वेगळा अडॅप्टर लागत नाही. रेझोल्यूममधली क्लिपची जाळीही अशीच असते, आडव्या ओळी लेयरच्या (एकमेकांवर रचलेल्या चित्रांच्या थरांच्या) आणि उभे रकाने कॉलमचे, म्हणून या दोघांचं चांगलं जमतं. तीन पडद्यांसाठी अरेनाच घ्या, रेझोल्यूमची साधी आवृत्ती ॲव्हेन्यू नको. आउटपुटचे तुकडे करून ते हव्या त्या पडद्यावर हव्या त्या मापात बसवायची सोय अरेनात आहे. लायसन्स युरोत पडतं आणि कन्सोलपेक्षा महाग आहे, तेव्हा बजेट ठरवताना दोन्ही एकत्र धरा. आधी ट्रायल उतरवून घ्या. त्यात सगळं चालतं, पण पडद्यावर त्यांची खूण उमटते.

कन्सोलला हात लावण्याआधी पिक्सेलचा हिशेब करा. आपल्याकडे भाड्यानं मिळणारी पी ३.९१ची (दोन पिक्सेलमधलं अंतर ३.९१ मिलिमीटर) पॅनल बहुधा अर्धा मीटर बाय अर्धा मीटरची असतात आणि एका पॅनलमध्ये १२८ बाय १२८ पिक्सेल असतात. मधली भिंत चार मीटर रुंद आणि तीन मीटर उंच असेल तर आठ गुणिले सहा पॅनल, म्हणजे १०२४ बाय ७६८. बाजूचे पडदे दोन मीटर बाय तीन मीटरचे असतील तर प्रत्येकी ५१२ बाय ७६८. तिन्ही शेजारी ठेवले की रुंदी होते २०४८, आणि नेहमीच्या फुल एचडी आउटपुटची रुंदी १९२०. इथेच गाडी अडते. नवीन पोरं मग सगळं थोडं आवळून बसवतात, आणि नावांची अक्षरं चिरल्यासारखी दिसतात.

मी दोन एचडीएमआय काढते. अरेनात कॉम्पोझिशन, म्हणजे सगळं चित्र बसतं ती चौकट, २०४८ बाय ७६८ ची ठेवायची. ॲडव्हान्स्ड आउटपुटमध्ये पहिल्या आउटपुटवर मधला १०२४ चा तुकडा, दुसऱ्यावर डावा आणि उजवा ५१२ चे तुकडे एकमेकांना चिकटवून. पिक्सेलला पिक्सेल, कुठेही ताणाताण नाही. नंतर टेस्ट कार्ड (वर्तुळं आणि रेषांचं तपासणीचं चित्र) लावा आणि प्रत्येक पडद्यावरचं वर्तुळ गोलच दिसतंय ना ते स्टेजसमोर जाऊन बघा. पॅनलवाल्याशीही आधी बोलून घ्या. नोव्हास्टार कंपनीच्या नेहमीच्या प्रोसेसरवर (लॅपटॉपचं चित्र पॅनलना वाटून देणारा डबा) एक लॅन पोर्ट साधारण साडेसहा लाख पिक्सेल पेलतो. वरची मधली भिंत ७,८६,४३२ पिक्सेलची होते, म्हणजे तिला दोन पोर्ट लागणार. हे त्याला ट्रक निघायच्या आधी सांगायचं.

प्रोसेसर स्टेजमागे ठेवायचा की तुमच्या टेबलाशी, हाही वादाचा मुद्दा. पॅनलवाल्यांना तो मागे हवा असतो. पण लॉनवर कन्सोलपासून स्टेज चाळीस-पन्नास मीटरवर असतं आणि साधी एचडीएमआय केबल तितकं अंतर धरत नाही. प्रोसेसर शेजारी घेऊन तिथून पॅनलपर्यंत कॅट सिक्स ही नेटवर्क केबल टाकली तर शंभर मीटरपर्यंत निभावतं. मी यावर अडून बसते. नाहीच ऐकलं तर ऑप्टिकल एचडीएमआय मागवा.

आता मॅपिंग, म्हणजे कुठल्या बटणानं काय व्हायचं ते ठरवणं. रेझोल्यूममध्ये एपीसी४०चं तयार प्रीसेट मिळतं आणि जोडल्याजोडल्या बटणं उजळतात. अनेक जण तिथेच थांबतात. तीन पडद्यांसाठी ते पुरेसं नाही, स्वतःचं करा. माझी मांडणी अशी आहे: खालच्या दोन ओळी मधल्या भिंतीच्या, एक पार्श्वभूमीची आणि एक वरच्या चित्राची. तिसरी ओळ डाव्या पडद्याची, चौथी उजव्याची. सगळ्यात वरची ओळ नावं आणि लोगोची, कारण वरचा लेयर सगळ्यांवर चढतो. प्रत्येक लेयरची जागा आणि माप लेयरवरच पक्कं केलेलं, त्यामुळे क्लिप कुठलीही टाकली तरी ती आपल्याच पडद्यावर बसते. पहिले पाच फेडर या पाच लेयरच्या ओपॅसिटीला (चित्र किती ठळक दिसायचं त्याला). ग्रिडखाली आठ बटणांची ओळ आहे, ती कॉलमला जोडलेली. तिथलं एक बटण दाबलं की तिन्ही पडदे एकदम बदलतात.

संगीतमध्ये नवरीची एन्ट्री असते तेव्हा या ओळीचं मोल कळतं. दार उघडतंय, ढोल अजून सुरू व्हायचाय. डावा हात ग्रिडखालच्या ओळीतल्या चौथ्या बटणावर, उजवा हात नावांच्या फेडरवर. नजर दारावर. पहिली थाप पडते, डावं बोट खाली जातं, तिन्ही पडदे एकाच वेळी उजळतात, आणि ती अर्ध्या वाटेवर आली की उजव्या हातानं नाव सावकाश वर चढतं. या सगळ्यात लॅपटॉपकडे एकदाही बघावं लागत नाही. माझ्या मते या कन्सोलची किंमत इथे वसूल होते.

रंगांवरही वेळ घाला. कन्सोलकडे जाणारा आकडा ठरवतो कुठला दिवा लागायचा: ५ दिला की लाल, २१ हिरवा, ४५ निळा, ० म्हणजे विझलेला. रेझोल्यूममध्ये प्रत्येक स्थितीला असा आकडा देता येतो. माझ्याकडे भरलेली क्लिप निळी, चालू असलेली हिरवी आणि रिकामी जागा काळी. अंधारात एका दृष्टिक्षेपात कळतं काय चालू आहे ते.

उणिवाही आहेत. फेडर मोटरवर चालणारे नाहीत. फाइल उघडली की सॉफ्टवेअरमधला आकडा एक आणि हाताखालचा फेडर दुसरीकडेच, आणि पहिल्या स्पर्शाला चित्र उडी मारतं. म्हणून शोआधी प्रत्येक फेडर एकदा तळापासून टोकापर्यंत फिरवून घ्यायचा. क्रॉसफेडरचं मॅपिंग मी काढूनच टाकलंय. तो टेबलाच्या कडेला येतो, ओढणी घासली तरी सरकेल. मागची यूएसबी केबल लॉक होत नाही, ती टेबलाला टेपनं बांधा. विंडोजमध्ये यूएसबीची पॉवर बचत आणि नोटिफिकेशन बंद करा. आकारही मोठा आहे, पाठीवरच्या बॅगेत लॅपटॉपबरोबर मावत नाही. उघड्या मैदानावर धूळ बसते, तेव्हा वरून झाकायला मलमलचा तुकडा हवाच.

दुसरी अडचण कन्सोलची नाही, कंटेंटची आहे. लोक ऐन वेळी पेनड्राइव्ह घेऊन येतात आणि त्यात मोबाइलवर बनवलेला एमपी४ असतो. तो तसाच टाकला तर चालतो, पण असे तीन-चार एकदम लावले की लॅपटॉप दमतो. रेझोल्यूमचं ॲली नावाचं मोफत सॉफ्टवेअर त्याचं डीएक्सव्ही, म्हणजे रेझोल्यूमच्या स्वतःच्या व्हिडिओ प्रकारात रूपांतर, करून देतं. ते ग्राफिक्स कार्डावर उलगडतं, म्हणून बटण दाबताक्षणी चित्र येतं. फाइल बरीच फुगते, तेव्हा वेगवान एसएसडी ठेवा. मी आयोजकांना सांगून ठेवते, कंटेंट आदल्या संध्याकाळपर्यंत हातात हवं.

कमी बजेट असेल तर अकाईचाच एपीसी मिनी मार्क टू बघा. त्यात चौसष्ट रंगीत बटणं आणि नऊ फेडर आहेत, नॉब नाहीत. स्नेहसंमेलनाला तो पुरेसा आहे आणि पाठीवरच्या बॅगेत जातो. टॅबलेटवरून वायफायनं चालवायचा विचार मात्र सोडा. हजार माणसांचे मोबाइल आजूबाजूला असताना वायफायवर शो सोपवू नये.

आणखी एक प्रश्न हल्ली सारखा येतो. २०२७ चा सिंहस्थ जवळ आलाय, पडद्यांची कामं वाढणार, तर हाच सेट चालेल का? तिथलं काम मुख्यतः कॅमेऱ्याचं थेट चित्र दाखवायचं असेल तर नाही. कॅमेरा रेझोल्यूममध्ये घ्यायला कॅप्चर कार्ड लागतं आणि त्यात काही फ्रेम मागे पडतात. प्रवचनकाराचे ओठ आणि आवाज जुळले नाहीत की मागच्या रांगेतल्यालाही खटकतं. तिथे कॅमेऱ्याची चित्रं थेट बदलणारा व्हिडिओ स्विचर घ्या, कॅमेऱ्यांसाठीची एसडीआय केबल टाका, आणि एपीसी४० नृत्याच्या, गाण्याच्या, गरब्याच्या कामांना ठेवा. नाशिकच्या दुकानात मला हा हाताळून बघायला मिळाला नव्हता, मुंबईहून मागवावा लागला. कोणाला फेडरचा जोर आणि बटणांचा स्पर्श आधी बघायचा असेल तर रिहर्सलच्या वेळी कलामंदिरात या, लावून दाखवते.