कमी चालणाऱ्या फोर्कलिफ्टला ५डब्ल्यू-४० फुल सिंथेटिक ऑइल: वापरून झालेलं मत

माझ्याकडे गोदामातल्या डिझेल फोर्कलिफ्टची देखभाल आहे. या गाड्या दिवसभर चालत नाहीत. ट्रेलर लागला की सेल्फ मारायचा, थोडे पॅलेट उतरवायचे आणि गाडी बंद. मग तासभर कुणी तिच्याकडे फिरकत नाही. इंजिन एका दमात पाच-सात मिनिटं चालतं, त्यातलाही बराच वेळ गाडी जागेवर उभी राहून मास्ट, म्हणजे पुढचा माल उचलणारा खांब, वरखाली करण्यात जातो. आधी आम्ही मिनरल १५डब्ल्यू-४० वापरायचो. आता बरेच महिने फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-४०, एपीआय सीके-४ ग्रेडचं (हे डिझेल इंजिन ऑइलच्या दर्जाचं मानांकन) घालते आहे. गाड्या त्याच, कामही तेच, त्यामुळे फरक नीट पाहता आला.

सकाळचा पहिला स्टार्ट खरोखर सुधारला. पूर्वी सेल्फ मारल्यावर टॅपेटची खडखड काही सेकंद यायची आणि ऑइलचा दिवा विझायला वेळ लागायचा. आता दिवा लगेच जातो. आमचा एक ऑपरेटर आपणहून सांगायला आला, ‘मॅडम, गाडी सकाळी कुरकुर करत नाही आता.’

याचं कारण आकड्यांत दिसतं. १०० अंश सेल्सिअसला दोन्ही ऑइल ४० ग्रेडचीच, म्हणजे १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक्सच्या (हे दाटपणाचं माप) पट्ट्यात. पण ४० अंशांना १५डब्ल्यू-४० चा दाटपणा साधारण ११० च्या आसपास असतो आणि ५डब्ल्यू-४० चा ८५-९०. तापमान आणखी खाली गेलं की ही तफावत वाढतच जाते. लांब पल्ल्याचा ट्रक १०० अंशांजवळ काम करतो, तिथे हा फरक जाणवायचा नाही. आपल्या फोर्कलिफ्टचं ऑइल मात्र तिथवर पोचतच नाही. कूलंटचा काटा मध्यावर आला म्हणून ऑइल तापलं असं होत नाही. ऑइल कूलंटच्या मागे राहतं, आणि ते तापायच्या आत ऑपरेटर चावी फिरवून उतरलेला असतो. म्हणून अशा गाडीसाठी डब्ल्यूच्या आधीचा आकडा मी आधी बघते; तो जितका लहान, तितकं ऑइल थंडीत पातळ राहतं. मॅन्युअलमधल्या तक्त्यात तो बसतो की नाही, हे अर्थातच तपासून.

पण डब्यावर मोठ्या अक्षरात ‘लाँग ड्रेन’ लिहिलेलं असतं, त्यावर कमी चालणाऱ्या गाडीच्या मालकाने अजिबात विसंबू नये. ऑइल बदलायचा काळ वाढवता येईल म्हणून सिंथेटिकचे जास्त पैसे मोजत असाल, तर ते वाया जातील.

एक लिटर डिझेल जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. बहुतेक सगळं सायलेन्सरमधून जातं, पण थोडा वायू पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल साठतं तिथे, उतरतो. ऑइल नीट तापलेलं असेल तर ती वाफ ब्रीदरमधून, म्हणजे चेंबरची हवा सोडणाऱ्या नळीतून, बाहेर पडते. थंड इंजिनात ती तिथेच पाणी होऊन बसते. थंड सिलिंडरमध्ये न जळलेलं थोडं डिझेलही भिंतीवरून ओघळून त्याच ऑइलमध्ये मिसळतं. पाणी आणि जळणाचे अवशेष मिळून आम्ल तयार होतं, आणि ते मारण्यासाठी ऑइलमध्ये घातलेला अल्कलीचा साठा, म्हणजे टीबीएन, खर्ची पडत जातो. ऑइल मिनरल असो की सिंथेटिक, चेंबरमध्ये पाणी सारखंच येतं.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर भरायच्या तोंडाचं झाकण उघडा. आतल्या बाजूला लोण्यासारखा पिवळट थर दिसला तर ते पाणी मिसळलेलं ऑइल आहे. आमच्या सिंथेटिकच्या गाडीतही तो दिसतो. मग मी डिपस्टिकवरचा एक थेंब तापलेल्या पत्र्यावर टाकते, डोळ्याला गॉगल लावून आणि फक्त एकच थेंब. चरचरून बुडबुडे आले तर पाणी आहे, शांत पसरला तर ऑइल ठीक. कूलंटची पातळीही उतरत असेल तर मात्र गोष्ट वेगळी, हेड गॅस्केट (इंजिनच्या ब्लॉक आणि हेडमधलं सील) बघावं लागेल. तसंच, कुणी टॉपअप न करता डिपस्टिकवरची पातळी वर सरकली तर आनंद मानू नका. ते डिझेल आहे, वास घेतला की कळतं.

म्हणून आमच्याकडे ऑइल कॅलेंडरवर बदललं जातं. मॅन्युअलमध्ये तास आणि महिने दोन्ही दिलेले असतात, जे आधी येईल ते धरायचं. आमचं अवरमीटर (इंजिन किती तास चाललं ते मोजणारं मीटर) महिन्यांच्या फार मागे असतं, तरी सहा महिने झाले की ऑइल उतरवून फिल्टर बदलते. दिसायला ते बरं असतं, कधी कधी पुरतं काळंसुद्धा झालेलं नसतं. त्याच्याकडे बघून थांबावंसं वाटतं. थांबू नका.

ऑइलइतकाच उपयोग दुसऱ्या एका सवयीचा झाला. आठवड्यातून एकदा प्रत्येक गाडी अर्धा-पाऊण तास सलग, वजन उचलून चालवायची. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवून हे साधत नाही, आयडलवर डिझेल इंजिन धड तापत नाही आणि अवरमीटर मात्र पळतं. एवढं करूनही झाकणाखालचा थर जाईना तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय का आणि ब्रीदर तुंबलाय का ते बघा. बंद ब्रीदरच्या गाडीत कितीही भारी ऑइल घाला, दशा तीच होणार.

ग्रेड निवडताना सीके-४ घेतलं कारण त्यात सल्फेटेड राखेला, म्हणजे ऑइल जळून उरणाऱ्या राखेला, १ टक्क्याची मर्यादा आहे आणि आमच्या नव्या गाड्यांच्या एक्झॉस्टला फिल्टर आहे, जो राखेने तुंबतो. जुनं, बिनफिल्टरचं इंजिन असेल तर जुन्या मानांकनाचं चांगलं सीआय-४ चालतं. शेजारीच एफए-४ चा डबा दिसला तर तो हातात घेऊ नका. ते मुद्दाम पातळ ठेवलेलं ३० ग्रेडचं ऑइल आहे, इंजिन बनवणाऱ्याने नाव घेऊन सांगितलं असेल तरच घालायचं.

एलपीजीवर चालणाऱ्या गाड्यांसाठी हे ऑइल मी घेणार नाही. तिथे इंधन वायुरूप असल्याने ऑइल पातळ होत नाही, पण पाणी जास्त होतं: एक किलो प्रोपेन जळून सुमारे १.६ किलो. त्या इंजिनांना मॅन्युअलमधलं साधं पेट्रोल ग्रेडचं १०डब्ल्यू-३० घालून वेळेवर बदललेलं पुरतं.

डिझेल गाड्यांसाठी मी हेच ऑइल पुन्हा घेणार आहे, पण छोट्या सीलबंद डब्यांतच. बॅरल स्वस्त पडतं, पण आमचा खप कमी आणि उघडलेलं बॅरल महिनोन्महिने पडून राहतं. दिवस-रात्रीच्या तापमानातल्या फरकाने ते बुचाच्या फटीतून दमट हवा आत ओढतं, आणि मग इंजिनात जाण्याआधीच ऑइलमध्ये पाणी असतं.