एका माणसासाठी तिसरा मजला: आल्टे नॅशनलगॅलरी, बर्लिन

जर्मन चित्रकार कास्पार डेव्हिड फ्रीडरिखची चित्रं बघायची असतील तर म्युझियम बेटावरच्या या इमारतीत आधी थेट तिसऱ्या मजल्यावर जा. खालचे मजले नंतर बघा. पाय दमल्यावर ही चित्रं बघणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय.

‘समुद्रकाठचा भिक्षू’ (1808-10) जवळपास पावणेदोन मीटर रुंद आहे. त्यातला माणूस मात्र वीतभरही नाही. बाकी सगळं आभाळ! फ्रीडरिखनं आधी समुद्रात जहाजंही रेखाटली होती, मग ती रंगाखाली झाकून टाकली. मला हा निर्णय फार धाडसाचा वाटतो. नजरेला टेकायला काहीच उरत नाही, म्हणून आपण पुन्हा त्या पाठमोऱ्या माणसाकडे येतो. जुनं पिवळं वॉर्निश काढून चित्र 2016 मध्ये परत आलं. आभाळातला निळा आता खरंच निळा दिसतो. छापील प्रतीत हे कळूच शकत नाही.

‘एकाकी वृक्ष’ (1822) अजिबात चुकवू नका. बुंध्याला टेकलेला मेंढपाळ पटकन दिसत नाही, शोधावा लागतो. हे चित्र वागेनर नावाच्या बँकरनं फ्रीडरिखकडून रंगवून घेतलं होतं, आणि त्याच्याच संग्रहातून, 262 चित्रांतून, हे संग्रहालय उभं राहिलं.

सोमवारी बंद. सकाळी दार उघडताच पोचा, या दालनासाठी निदान तासभर ठेवा. ‘धुक्याच्या समुद्रावरचा भटक्या’ इथं शोधू नका, तो हॅम्बुर्गच्या कुन्स्टहाले या संग्रहालयात आहे.