टेक्सासात हरणांचं रान घेताय? कुंपणाआधी आतलं जनावर बघा

मध्य टेक्सासातल्या हिल कंट्रीत शंभर-दोनशे एकर रान घ्यायचं, हंगामात पैसे घेऊन शिकारी आणायचे आणि निदान जमिनीचा वर्षाचा टॅक्स तरी त्यातून सोडवायचा, असा हिशेब करत असाल तर एजंट आधी विचारेल: हाय फेन्स (हरणाला ओलांडता न येणारी उंच जाळी) हवं की लो फेन्स? प्रश्न बरोबर आहे, पण तो दुसऱ्या नंबरचा. त्याआधी विचारायचं ते हे, की आत चरणारं जनावर कोणाचं?

टेक्सासातली सुमारे ९५ टक्के जमीन खाजगी आहे. तरीही तिथलं देशी हरीण, म्हणजे व्हाइटटेल, राज्यातल्या जनतेच्या मालकीचं. आठ फुटी जाळी तुमची, फीडरमधला (खाद्य टाकणाऱ्या यंत्रातला) मका तुमचा, हरीण मात्र जनतेचं. परवानाधारक ब्रीडरकडून, म्हणजे हरणं पैदा करून विकणाऱ्याकडून, चेक फाडून आणलं असलं तरी तेच. मालकी आमची, असं म्हणत ब्रीडर कोर्टात गेले होते. ऑस्टिनच्या अपील कोर्टाने २०१९ मध्ये ते मान्य केलं नाही. त्यामुळे कुंपणाच्या आतही हंगाम, लायसन्स आणि टॅग (मारलेल्या हरणाला लावायची चिठ्ठी) चुकत नाहीत.

लो फेन्स म्हणजे गुरांचं साधं कुंपण; हरीण त्यावरून सहज उडी मारतं. इथे पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याच्या हरीण व्यवस्थापन योजनेत जमीन नोंदवता येते. मग टॅग जमिनीच्या नावावर मिळतात आणि हंगामही लांबतो. एरवी बंदुकीचा हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी उघडतो. योजनेत साधारण ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मुभा असते. बदल्यात किती मारली याचा हिशेब खात्याला द्यायचा. जमिनीला आधीपासून शेतीची आकारणी (म्हणजे टॅक्समध्ये सवलत) असेल तर ती वन्यजीव व्यवस्थापनात बदलून घेता येते: ठरलेल्या सात कामांपैकी किमान तीन करायची, आणि तीही देशी प्राण्यांसाठी. तोटा एकच, शेजारी. तुम्ही चार वर्षं राखलेला नर त्याच्या फीडरवर मारला जातो आणि तुम्ही काही बोलू शकत नाही.

हाय फेन्स या शेजाऱ्यावरचा उपाय. पण गणित करून बघा. ६४० एकरांच्या चौकोनाला चार मैल जाळी लागते, १०० एकरांना सुमारे १.६ मैल. म्हणजे लहान रानाला एकरी खर्च अडीचपट. शिवाय शंभर एकरांत कोंडलेलं हरीण मारण्याला शिकार म्हणावं का, हा वाद आहेच. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये स्थापलेला बून अँड क्रॉकेट क्लब शिकारीतल्या शिंगांचे विक्रम नोंदवतो; तो कुंपणातली शिंगं आपल्या नोंदींत घेत नाही. ज्याला ती नोंद हवी तो गिऱ्हाईक तुमच्याकडे येणार नाही. बाकीचे येतील.

खरी मेख ब्रीडरकडून आणलेल्या हरणांत आहे. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा रोग मेंदू पोखरतो आणि जनावर झिजून मरतं. औषध नाही, लस नाही, आणि रोगाचा अंश मातीत वर्षानुवर्षं टिकतो. टेक्सासात तो २०१२ मध्ये पश्चिम टोकाच्या रानटी हरणांत सापडला आणि २०१५ मध्ये मेडिना काउंटीतल्या ब्रीडरच्या कळपात. तेव्हापासून ब्रीडरच्या हरणांसाठी नियम बरेच कडक झाले: कानात टॅग, मेलेल्यांची तपासणी, सोडण्याआधी जिवंत हरणाचीही तपासणी. आणि दोन वर्षांपूर्वी ज्याच्याकडून हरणं आणली त्याच्या कळपात आज रोग निघाला, तर माग काढत खातं तुमच्या फाटकाशी येतं. तुमचं काहीही चुकलेलं नसताना तुमच्या रानावर बंधनं येतात.

आता तिसरा पर्याय, आणि आपल्याला थोडा चमत्कारिक वाटणारा. चितळ. १९३२ च्या सुमारास टेक्सासात आणलेलं हे जनावर तिथे ‘एक्झॉटिक’, म्हणजे परदेशी, आणि कायद्याने पाळीव गुरासारखं. काळवीट आणि नीलगाय (विदर्भातला रोही) यांचंही तेच. हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही; शिकाऱ्याला लायसन्स आणि जमीनमालकाची परवानगी पुरते. तपासणी करून मांसही विकता येतं, जे व्हाइटटेलचं विकताच येत नाही. रेहेकुरीत काळवीट लांबून बघून परतलेल्या माणसाला त्याच्या शिकारीचं दरपत्रक वाचताना कसंसंच होतं; मला तरी झालं. पण टॅक्सवाल्यांसमोर गंमत उलटते: परदेशी जनावर निव्वळ शिकारीसाठी ठेवलं तर ना शेतीची सवलत, ना वन्यजीवांची. आणि सगळीच परदेशी हरणं मोकळी नाहीत. सिका किंवा रेड डिअर ठेवलीत तर वरच्या रोगाचे नियम पुन्हा मागे लागतात.

दुसऱ्या राज्यात स्वस्त जमीन दिसली तर आधी तिथला कायदा वाचा. माँटानात मतदारांनी २००० मध्ये कुंपणातली पैशाची शिकारच बंद केली. मिसूरीत सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये पाळलेलं हरीणही वन्यजीवच ठरवलं.

दोनशे एकरांच्या आत असाल तर माझं मत सरळ लो फेन्स. मोठं रान आणि आधीच उभी असलेली जाळी मिळत असेल तर चितळ-काळवीट. सवलत टिकवायला गुरं वगैरे शेतीचं काम त्याच रानात चालू ठेवून. ब्रीडरच्या वाटेला मी जाणार नाही. आणि हाय फेन्सचं रान पसंत पडलं तर विसार देण्याआधी विकणाऱ्याकडून लेखी घ्या: इथे ब्रीडरची हरणं कधी सोडली होती का, कोणत्या साली, कोणाकडून.