आत काहीच बसवलं नव्हतं

मी दारव्हा भागातला कापूसवाला शेतकरी. वय 54, शुगर बारा वर्षांपासून. चार वर्षांपूर्वी लिंगाला ताठरपणा येणं हळूहळू बंद झालं. बायकोलाही सांगितलं नाही. कंबर दुखते म्हणून खाट ओसरीत टाकली. माझी ही लाज पुढे दोघातिघांनी रोख पैशात वसूल केली, म्हणून आज सगळं उघड लिहितो आहे.

आधी आठवडी बाजारातल्या तंबूतून 6,000 रुपयांच्या पुड्या घेतल्या. पहिल्या पुडीने फरक पडला, पण तोंड लाल झालं, डोकं ठणकलं. अशा पुड्यांत बरेचदा ताठरपणा आणणारी सिल्डेनाफिल नावाची गोळीच कुटून टाकलेली असते, हे मला फार उशिरा कळलं. हृदयासाठी जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्याचा बीपी त्याने एवढा पडू शकतो की जीव जाईल.

पुड्या लागू पडेनात, तेव्हा तंबूतलाच एक पोऱ्या म्हणाला, "काका, आता मशीनच बसवा लागते. तासाभरात घरी जासान." मशीन म्हणजे इम्प्लांट, ताठरपणासाठी लिंगाच्या आत बसवायची कांडी.

तालुक्याला एका बोळातला दवाखाना. तिथल्या माणसाने टेबलाच्या ड्रॉवरमधून पांढरी रबरासारखी कांडी काढली. तिला पाकीट नाही, काही नाही. माझ्यासमोर वाकवून दाखवली, म्हणाला फॉरेनची आहे. 85,000 ठरले. कापसाचा चुकारा नुकताच हाती आला होता, तो तसाच मोजून दिला. रक्त तपासलं नाही, शुगर विचारली नाही, भुलेचा डॉक्टर नव्हता. एक सुई, एक चीर, चार टाके. "तीन महिन्यांनी चालू होईल." पावतीवर दवाखान्याचं नाव नाही, नुसतं "औषधे किरकोळ".

आठव्या दिवशी पू झाला. धुण्यात पायजम्याचा डाग बायकोला दिसला. ती रागावली नाही, एवढंच म्हणाली, "मले कायले नाही सांगतलं तुमी?" दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने तिनेच मला नागपूरला, मेडिकलच्या सुपर स्पेशालिटी दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी हाताने चाचपलं, सोनोग्राफी केली. आत काहीच नव्हतं. नुसती कातडी कापून शिवली होती. खरी कांडी असती तर बसवल्या दिवसापासून हाताला लागली असती, ते "तीन महिने" निव्वळ पळून जायला ठेवले होते. माझी तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) 11 टक्क्यांच्या वर, म्हणजे फारच वाढलेली निघाली.

मग त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. खरं इम्प्लांट दोन तऱ्हेचं. एकात वाकणाऱ्या दोन कांड्या, लिंगाच्या आत दोन्ही बाजूंना एकेक. त्या कायम ताठ असतात, हाताने वर-खाली करायच्या. दुसऱ्यात दोन पोकळ नळ्या, अंडकोषाच्या पिशवीत छोटा पंप आणि पोटात मिठाच्या पाण्याची पिशवी. पंप दाबला की पाणी नळ्यांत येतं. ऑपरेशन थिएटरमध्ये, भूल देऊन, सीलबंद पाकीट तिथेच फोडून ते बसवतात, आणि नंबराचं स्टिकर पेशंटच्या फाइलला लागतं. शुगर आटोक्यात नसली तर जंतुसंसर्गाची भीती जास्त, आणि तो झाला की बहुधा सगळं काढावं लागतं. एकदा बसवलं की आधीसारखी नैसर्गिक ताठरता परत येत नाही. म्हणून गोळ्या, व्हॅक्यूम पंप, लिंगात घ्यायचं इंजेक्शन, हे सगळं थकल्यावरच त्याचं नाव काढायचं. त्याने लांबी वाढत नाही, इच्छाही नाही. मला तर अजून शुगरसाठी नीट औषधसुद्धा झालं नव्हतं, आणि मी कांडी विकत घ्यायला निघालो होतो!

जखम भरायला दीड महिना गेला. शुगर आता बरीच खाली आहे, डॉक्टरांनी छाती तपासून दिलेली साधी गोळी बऱ्यापैकी लागू पडते. इम्प्लांटची गरज मला आजवर पडली नाही.

तो बोळातला दवाखाना बंद आहे. एसटी स्टँडच्या भिंतीवर मात्र तसल्याच इलाजाचं पोस्टर नव्या नंबरासकट लागलं आहे. नामर्दी बरी करण्याच्या जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे. मागच्या महिन्यात मी आणि बायको पोलीस ठाण्यात गेलो. माझ्या तोंडून शब्द फुटेना, तेव्हा तिनेच पदराच्या गाठीतून ती पावती सोडली आणि जमादारांच्या टेबलावर ठेवली.